वर्क फ्रॉम होम गेलं कुठे? ऑफिस आणि नोकरीचं गणित असं बदललं

एप्रिल २०२० मध्ये टीसीएसनं एक आकडा जाहीर केला आणि आयटीतल्या मंडळींनी तो भराभर एकमेकांना फॉरवर्ड केला. '२५ बाय २५'. अर्थ असा, की २०२५ सालापर्यंत कंपनीच्या फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांना ऑफिसात बसावं लागेल आणि कुणालाही आपल्या वेळेतला २५ टक्क्यांहून जास्त वेळ तिथं घालवायची गरज उरणार नाही. लॉकडाऊन लागून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी असं म्हणतेय म्हटल्यावर अनेकांनी पुण्यातली, बंगळुरूमधली खोली सोडली, सामान टेम्पोत भरलं आणि गाव गाठलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीनं आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला या, असं सांगितलं. पुढच्या वर्षी तर हजेरी थेट पैशांना जोडली. त्या वेळच्या बातम्यांनुसार ज्याची हजेरी ६० टक्क्यांच्या खाली, त्याला तिमाहीचा व्हेरिएबल पे नाही आणि पूर्ण रक्कम हवी असेल तर हजेरी ८५ टक्क्यांच्या वर हवी.

साडेतीन वर्षांत एवढा उलटा प्रवास कसा झाला? आणि सगळे परतच आले असतील, तर मग नेमकं बदललं काय?

आधी घरून काम करायला परवानगी लागायची

घरून काम ही कल्पना कोरोनानं आणलेली नाही. 'टेलिकम्युटिंग' हा शब्द १९७३ सालचा आहे. नासासाठी काम केलेले जॅक नाइल्स नावाचे अमेरिकन अभियंता लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकला वैतागलेल्या काळात हा विचार करत होते, की माणसांना कामापर्यंत नेण्याऐवजी काम टेलिफोनच्या तारेवरून माणसांपर्यंत का नेऊ नये? पुढची चाळीसेक वर्षं कल्पना चांगली, पण आमच्या कंपनीत नको, असंच चाललं. २०१३ साली याहूनं घरून काम बंद केलं, २०१७ मध्ये आयबीएमनं हजारो लोकांना ऑफिसात बोलावलं.

भारतात तर अडचण निव्वळ बॉसच्या स्वभावाची नव्हती, सरकारी नियमांचीही होती. कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्या दूरसंचार विभागाच्या 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर' नियमांत येत. कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचं तर कंपनीला वेगळी परवानगी आणि एक कोटी रुपयांची बँक गॅरंटी द्यावी लागे. इतकी उठाठेव करण्यापेक्षा कॅब पाठवून माणूस ऑफिसात आणणं सोपं होतं. आयटी पार्कमधल्या अनेक इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये येतात. तिथले संगणक करसवलतीत आलेले असल्यामुळे ते उचलून घरी नेणं हाही नियमांचा प्रश्न होता.

मार्च २०२० मध्ये हे सगळं काही दिवसांत सैल झालं. कंपन्यांनी गाड्यांमधून डेस्कटॉप घरोघरी पोचवले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं ते जुने नियम मोठ्या प्रमाणात काढूनच टाकले. सेझसाठी घरून कामाचा स्वतंत्र नियम जुलै २०२२ मध्ये आला. त्यात आधी ५० टक्के कर्मचाऱ्यांपर्यंत मुभा होती, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती आणखी वाढवली गेली. कायद्यानं आपली घडी बदलली आणि ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. परतीचा आग्रह आला तो कंपन्यांकडून.

९९ मिनिटं

घरून कामाचा सगळ्यात मोठा फायदा कोणता, याचं उत्तर हिंजवडीच्या शिवाजी चौकात सकाळी नऊ वाजता उभ्या असलेल्या कुणालाही विचारता येईल. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं २७ देशांत पाहणी करून ते मोजलंही. घरून काम केलं त्या दिवशी प्रवासाचा सरासरी ७२ मिनिटांचा वेळ वाचतो, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं. भारतासाठी हा आकडा होता ९९ मिनिटं. चीन आणि जपानच्या जोडीनं आपण यादीत अगदी वर. आता आठवड्यातले पाच दिवस धरले तर आठ तासांहून जास्त. म्हणजे आख्खा एक कामाचा दिवस.

हा वाचलेला वेळ लोक लोळत घालवतात, असं मॅनेजरांना वाटत असेल तर त्याच अभ्यासातला पुढचा आकडाही वाचावा. सरासरी ४० टक्के वेळ लोकांनी पुन्हा कामालाच दिला. फुरसतीच्या वाट्याला ३४ टक्के आला, तर मुलं आणि घरातल्या माणसांच्या देखभालीला ११ टक्के.

पुण्याचंच उदाहरण घ्या. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. लॉकडाऊन येऊन गेला, २०२३ मध्ये परतीचे मेल आले, तेव्हाही ती गाडी धावत नव्हती. त्यामुळे 'ऑफिसला या' या दोन शब्दांचा अर्थ कंपनीच्या दृष्टीनं आठ-नऊ तास होता आणि वाकडच्या पुलावर अडकलेल्या माणसाच्या दृष्टीनं अकरा.

प्रवास हा पूर्वी नोकरीचा भागच मानला जायचा. मुंबईत लोकलला लटकणं आणि पुण्यात सिग्नलला थांबणं याचे कुणी पैसे मागत नसे. घरून कामानं लोकांना ही वेळ मोजायला शिकवलं. जी गोष्ट मोजता येते, तिची किंमतही मग लावली जाते.

तीही लागली आहे. याच गटाच्या पाहणीत, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करायची मुभा ही कर्मचाऱ्यांना सरासरी ५ टक्के पगाराइतकी मोलाची वाटते, असं आढळलं. बायका, लहान मुलं असलेले आणि लांबून येणारे यांच्यासाठी तिचं मोल त्याहून जास्त.

पण ही सरासरी आहे. आपल्याकडच्या फ्रेशरचं गणित करून बघा. आयटी सेवा कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलं आहे. समजा, एखाद्या मुलीच्या हातात महिन्याला २५ हजार येतात. पीजीचं भाडं, मेस किंवा डबा, शेअर रिक्षा आणि किरकोळ खर्च मिळून १२ हजार गेले. हीच मुलगी लातूरच्या घरातून काम करत होती तेव्हा हे १२ हजार वाचत होते. ऑफिसात बोलावणारा एका ओळीचा मेल म्हणजे तिच्यासाठी जवळजवळ निम्मी पगारकपात. ५ टक्के वगैरे गोष्टी मोठ्या पगारवाल्यांच्या.

पण घरी काम होतं का?

सोशल मीडियावर या प्रश्नाची दोनच उत्तरं असतात. 'घरी दुप्पट काम होतं' आणि 'घरी सगळे झोपा काढतात'. अभ्यास काय सांगतात ते जरा सावकाश बघू, कारण ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि न जुळण्यामागं कारण आहे.

सगळ्यात गाजलेला प्रयोग कोरोनाच्या बराच आधीचा, चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीचा. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो केला, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. शांघायच्या कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून नऊ महिने घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. यातले ९ टक्के कमी सुट्ट्या आणि कमी ब्रेक यांमुळे, उरलेले ४ टक्के शांततेमुळे. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाच्या बाजूनं बोलणारे इथं थांबतात.

पुढचा भाग असा, की प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी 'आम्हाला ऑफिसच बरं' म्हटलं. एकटं वाटतं, ही मुख्य तक्रार. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. साहेबाच्या नजरेसमोर असणाऱ्याचं नाव आधी आठवतं, हे शांघायलाही लागू आहे.

आणखी एक बारीक अट होती. प्रयोगात भाग घ्यायचा तर घरात स्वतंत्र खोली आणि स्वतःचं ब्रॉडबँड हवं. ही अट डोंबिवलीतल्या वन रूम किचनला लावा. एका कोपऱ्यात आईचा कुकर, दुसऱ्या कोपऱ्यात धाकट्या भावाची ऑनलाइन शाळा आणि मध्ये पलंगावर लॅपटॉप. २०२० मध्ये लाखो लोकांनी असंच काम केलं.

म्हणूनच चेन्नईचा अभ्यास आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. डेव्हिड अॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्री करणाऱ्यांवर तो केला, २०२३ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. कुणी घरी बसायचं आणि कुणी ऑफिसात, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं होतं. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला, बाकीचा हळूहळू आला, कारण ऑफिसात बसणारे लवकर शिकत गेले. यातली चटका लावणारी गोष्ट पुढंच आहे. ज्यांना घरून काम हवं होतं, त्यांचंच घरी नुकसान जास्त झालं : २७ टक्के. ज्यांना ऑफिस आवडत होतं, ते घरी १३ टक्क्यांनीच मागं पडले. घर मागणाऱ्यांमध्ये लहान मुलं असलेले, घरातल्या कुणाची तरी जबाबदारी असलेले, गरीब घरांतले लोक होते. त्यांना घरून काम जास्त जमतं म्हणून ते घर मागत नव्हते. घर सोडून जाता येत नव्हतं म्हणून मागत होते.

मग सुवर्णमध्य? तोही तपासला गेला आहे. सीट्रिपचं नाव आता ट्रिप डॉट कॉम. तिथं २०२१-२२ मध्ये ब्लूम यांनी पुन्हा प्रयोग केला, या वेळी कॉल सेंटर सोडून इंजिनिअर, मार्केटिंग, फायनान्सवाल्या १,६१२ पदवीधरांवर. जन्मतारीख विषम असेल त्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम, सम असेल त्यांना पाचही दिवस ऑफिस. 'नेचर'मध्ये जून २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष सरळ आहेत. नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले. कामाचं मूल्यमापन, बढत्या यांत पुढच्या दोन वर्षांतही फरक पडला नाही. गंमत मॅनेजरांची. प्रयोगाआधी त्यांचा सरासरी अंदाज होता की काम २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले, १ टक्क्यानं वाढलं.

एकूण बघता, 'घरून काम चांगलं की वाईट' हा प्रश्नच अर्धवट आहे. घर कसं, काम कोणतं, माणूस किती जुना आणि आठवड्यातले किती दिवस, एवढं कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आठवड्याचे दोन दिवस घर हा प्रकार आतापर्यंत सगळ्यात कमी तोट्याचा दिसतो.

मग कंपन्यांनी परत का बोलावलं?

अधिकृत कारणं दोन-तीन आहेत आणि ती अगदीच पोकळ नाहीत. पहिलं, नवीन मुलं. २०२०-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी प्रचंड भरती केली. यातले कित्येक जण टीम लीडला प्रत्यक्ष न भेटताच दोन वर्षांचे अनुभवी झाले. शेजारच्या डेस्कवरच्या दादाला किंवा मॅडमना 'हे जरा बघता का' म्हणून विचारण्यात जे शिक्षण होतं, ते टीम्सच्या चॅटवर होत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास झाला, त्यात एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळतात, असं दिसलं. फायदा नवख्यांना जास्त. पण सूचना देणाऱ्या ज्येष्ठांचं स्वतःचं काम मात्र त्यामुळे कमी होतं. म्हणजे ज्येष्ठाला घर सोयीचं आणि कनिष्ठाला ऑफिस, आणि ऑफिसला जाऊनही सीनियर घरीच असतील तर कनिष्ठाची फेरी फुकट.

दुसरं, टीमबाहेरची ओळखपाळख. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या कंपूतच बोलू लागले, इतर टीमशी संपर्क आटला. तिसरं कारण क्लायंटचं. बँका आणि विमा कंपन्यांना आपली माहिती कुणाच्या हॉलमधल्या लॅपटॉपवर उघडी असणं मानवत नाही.

न सांगितलेलं कारण बाजारात आहे. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडण्याचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के होतं. म्हणजे दर चारांमागं एकाहून जास्त माणूस जात होता. एका हातात तीन-तीन ऑफर घेऊन लोक फिरत होते. त्या काळात कुठल्याही एचआरची 'पाच दिवस या' म्हणायची हिंमत नव्हती. मार्च २०२४ पर्यंत हेच प्रमाण १२.६ टक्क्यांवर आलं. त्या आर्थिक वर्षात इन्फोसिसचे सुमारे २६ हजार आणि टीसीएसचे १३ हजारांहून जास्त कर्मचारी कमी झाले. आता परतीच्या तारखा बघा : टीसीएस ऑक्टोबर २०२३, विप्रोचे आठवड्यातले तीन दिवस १५ नोव्हेंबर २०२३ पासून, इन्फोसिसचे महिन्यातले दहा दिवस त्याच नोव्हेंबरपासून. तीन वर्षांत सापडलं नाही ते कारण एकाच हंगामात तिघांनाही सापडलं, हा योगायोग मानणं अवघड आहे. नोकऱ्या कमी झाल्या आणि अट घालायची ताकद पुन्हा कंपनीकडे गेली.

अमेरिकेतही तसंच झालं. व्हिडिओ कॉल विकून मोठी झालेल्या झूमनं ऑगस्ट २०२३ मध्ये जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलावलं. अॅमेझॉननं जानेवारी २०२५ पासून पाच दिवस सक्तीचे केले. तिकडं याला 'रिटर्न टू ऑफिस', थोडक्यात आरटीओ म्हणतात. आपल्याकडं आरटीओ म्हटलं की लायसन्स आणि एजंट आठवतात. त्रास साधारण तेवढाच.

मधल्या काळात विश्वासाचं काय झालं, तेही पाहिलं पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोनं ३०० जणांना काढलं, कारण ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करत होते. कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी मूनलायटिंग म्हणजे सरळ फसवणूक, असं म्हटलं. त्याच्या महिनाभर आधी स्विगीनं मात्र आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचं काम करायची परवानगी दिली होती. इन्फोसिसनंही नंतर मॅनेजरच्या संमतीनं बाहेरची छोटी कामं करायला वाट ठेवली. दुसरीकडं कीबोर्डची बटणं किती दाबली हे मोजणारी सॉफ्टवेअर आली आणि त्यांना फसवायला माउस आपोआप हलवणारी यंत्रंही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये असा खोटा कीबोर्ड चालवल्याबद्दल डझनभरांहून जास्त लोकांना घरी पाठवलं, आणि या वेळी कायमचं.

ऑफिसचं रूप

परतलेल्या अनेकांना आपली जागा सापडली नाही. ज्या डेस्कवर मुलीचं चित्र, गणपती आणि पाण्याची बाटली असायची, ते डेस्कच कुणाचं राहिलं नव्हतं. अॅपवरून आदल्या दिवशी जागा बुक करायची, संध्याकाळी सामान लॉकरमध्ये ठेवायचं. रोज सगळे येणार नसतील तर शंभर माणसांना शंभर खुर्च्या कशाला, हा हिशोब. काही ठिकाणी डेस्क कमी झाले आणि मीटिंगच्या खोल्या, फोनवर बोलायच्या काचेच्या पेट्या वाढल्या. कारण ऑफिसला आल्यावरही लोक तिथून व्हिडिओ कॉलच करतात. टीममधला एक बंगळुरूला, एक नोएडाला, क्लायंट लंडनला. ९९ मिनिटं खर्चून हिंजवडीत येऊन हेडफोन लावणं, ही आजची सगळ्यात मोठी चिडचिड आहे आणि ती रास्त आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या ऑफिस इमारती ओस पडल्या, वीवर्कनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. भारतात उलटं घडलं. २०२४ मध्ये मोठ्या शहरांत ऑफिसची जागा भाड्यानं घेण्याचा विक्रम झाला. घरं लहान असणं हे एक कारण. पण मोठं कारण म्हणजे परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर म्हणतात. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये भारतात अशी १,७०० हून जास्त केंद्रं होती आणि त्यांत १९ लाख लोक काम करत होते. ही केंद्रं आधीपासून वाढत होतीच, पण कोरोनानं अमेरिकेतल्या साहेबाला एक धडा दिला. माणूस समोर नसतानाही काम होतं. मग तो न्यू जर्सीतल्या घरी असला काय आणि खराडीतल्या ऑफिसात असला काय! अमेरिकेतल्या घरून कामानं पुण्यातल्या ऑफिसांना भाडेकरू मिळवून दिले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

ऑफिसची स्वतःची एक वस्ती असते, ती या चर्चेत येत नाही. आयटी पार्कच्या दाराशी अमृततुल्य चालवणारा, पोहे-उपीटाची गाडी लावणारी, कॅबवाला, हाउसकीपिंगच्या मावशी, पीजीचा मालक. यांच्यापैकी कुणालाही घरून काम करता येत नाही. २०२० मध्ये कॅम्पस बंद झाले तेव्हा गाड्यांचे हप्ते थकलेले कॅबचालक हेच होते. लॅपटॉपवाल्यांचा शुक्रवार घरी गेला की यांचा शुक्रवार आजही सुना जातो.

आता नोकरीकडून काय हवं असतं?

पूर्वी इंटरव्ह्यूच्या शेवटी उमेदवार दबक्या आवाजात पगार विचारायचा. आता त्याच्या आधी 'किती दिवस ऑफिस?' हा प्रश्न येतो. तो विचारण्यात आळशीपणाचा शिक्का बसेल ही भीती बरीच ओसरली आहे. जागा आणि वेळ हा पगाराचाच भाग आहे, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलंय. कर्मचारी त्यासाठी थोडे पैसे सोडतात, आणि कंपन्या हजेरीला व्हेरिएबल पे जोडतात तेव्हा त्याही तेच म्हणत असतात.

सगळ्यात मोठा फरक बायकांच्या नोकऱ्यांत दिसतो. टीसीएसमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण बायकांत साधारणपणे पुरुषांइतकं किंवा कमी असे. २०२२-२३ मध्ये ते पुरुषांपेक्षा वर गेलं. कंपनीचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी वार्षिक अहवालात अंदाज मांडला, की घरून कामाच्या काळात काही बायकांच्या घरातली घडीच नव्यानं बसली आणि त्यामुळे त्यांना परतणं जड गेलं. घडी बसली, याचा साध्या मराठीत अर्थ स्वयंपाक, सासूबाईंची औषधं आणि मुलांचा अभ्यास यांचा भार पुन्हा तिच्याकडे आला. पाळणाघर बंद केलेलं, कामवाल्या ताई कमी केलेल्या, नवऱ्याचा मात्र दोन्ही वेळचा चहा जागेवर. ऑफिस सुरू झालं तेव्हा ही व्यवस्था मोडायला घरात कुणी तयार नव्हतं. घरून कामानं अनेकींची नोकरी टिकवली आणि त्याच घरून कामानं काहींची घालवली.

छोट्या शहरांचं काय? 'गावाकडून अमेरिकेचा प्रोजेक्ट' हे स्वप्न बहुतेकांसाठी लांबलं. पण कंपन्यांनी छोट्या शहरांकडे बघणं वाढवलंय. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची केंद्रं आहेत आणि विदर्भातल्या मुलामुलींना आता बदलीचा अर्ज करताना पुण्याऐवजी नागपूर लिहिता येतं. पगार तोच, भाडं निम्मं आणि रविवारी आईच्या हातचं जेवण.

याची दुसरी बाजू म्हणजे कामाचे तास. घरातल्या ऑफिसला शटर नसतं. रात्री साडेदहाला 'क्विक कॉल', रविवारी 'फक्त पाच मिनिटं'. ऑफिस परत सुरू झालं तरी ही सवय गेली नाही, म्हणजे दिवसा प्रवास आणि रात्री कॉल अशी दुहेरी वसुली. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्येच, म्हणजे कोरोनाच्याही आधी, 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते संमत झालं नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे का?

थोडक्यात सांगायचं तर नाही. घरून काम हा भारतात कर्मचाऱ्याचा हक्क नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक कामाची रीतसर मागणी करता येते आणि कंपनीला ती विचारात घ्यावीच लागते. तसं आपल्याकडे नाही. सेवा क्षेत्रासाठी केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला, तोही नेमणुकीच्या अटींच्या अधीन राहून. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं एक कलम आलं : कामाचं स्वरूप तसं असेल तर बाळंतपणाच्या रजेनंतर कंपनी आणि कर्मचारी यांच्या संमतीनं घरून काम करता येतं. संमतीनं, हा शब्द महत्त्वाचा. त्याच दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि ती मात्र मागून घेता येते.

त्यामुळे सगळं ऑफर लेटरवर येऊन थांबतं. इंटरव्ह्यूत तोंडी मिळालेलं 'आमच्याकडे हायब्रीड आहे' याला कागदावर किंमत नाही. पत्रात कामाचं ठिकाण म्हणून कोणतं शहर लिहिलंय, 'कंपनीच्या गरजेनुसार ठिकाण बदलता येईल' ही ओळ आहे का, आणि घरून काम हे पॉलिसीमध्ये आहे की करारात, हे सही करण्याआधी बघावं. पॉलिसी एका मेलनं बदलते. करार बदलायला तुमची सही लागते. व्हेरिएबल पे हजेरीवर अवलंबून असेल तर हातात येणारा पगार तो वगळूनच धरावा, आणि किती दिवसांची हजेरी कशी मोजतात, म्हणजे महिन्यावर की तिमाहीवर आणि सुट्ट्या धरून की सोडून, हे एचआरकडून मेलवर लेखी मागून घ्यावं.